जिभेवरची माती

पलझादा बी घ्यायला निघाली की चिंबायच्या बाजारातले बीवाले एकमेकांना कोपरानं ढोसायचे. खरबुजाचं बी ती आधी दाताखाली धरायची, मग पाण्याच्या वाटीत टाकायची, मग तळव्यावर चोळायची. वर तरंगलेलं बी बीवाल्याच्याच पुढ्यात भिरकवायची. "हे भाजून तुझ्या सासूला खायला घाल," म्हणायची. "आणि यंदाचं ताजं नको मला, नुसते वेल माजतात. दोन वर्षं मुरलेलं काढ, असेल तर." मी तिची शेजारीण ताझागुल. तीस वर्षं तिची पिशवी धरून हिंडले, म्हणून सांगते, बियांतलं तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

आणि अशा बाईच्या परसात लागोपाठ तीन वर्षं काही उगवलं नाही. ना खरबूज, ना टोमॅटो, ना गाजर. कोंब वर यायचे, दोन पानं उघडायचे आणि कडेनं करपून जायचे. गावातल्या बाकीच्यांनी कधीच हात टेकले होते. सगळ्यांनी परसात ज्वारी लावली, कारण ज्वारी खारातही तग धरते. मी तर मुळातच आळशी, मी पहिली. पलझादा मात्र ऐकेना.

त्याला कारण होतं. तिचा एकुलता एक मुलगा गेंजेबाय उन्हाळ्यात सरहद्दीपलीकडे अल्मातीला बांधकामावर जायचा आणि थंडीला परत यायचा. मागल्या शरदात त्यानं बेरुनीकडची मुलगी केली, अयसुलू. तिला दिवस गेले तसा तो आईला म्हणाला, "आई, यंदा तरी परसात काही आलं तर अयसुलू इथंच राहील. नाहीतर तिला घेऊन जातो, कायमचा. विकतच्या कांद्यावर पोर वाढवायला अल्माती काय वाईट आहे?"

पलझादा तिथून उठली. माझ्याकडे आली आणि मटकन बसली. "ताझागुल, नातवंडाचं तोंड मला दिसायचं नाही गं," म्हणाली. नवरा जाऊनही न रडलेली बाई त्या दिवशी माझ्या रोटीच्या भट्टीपाशी हमसून हमसून रडली.

आमच्याकडे पेरायच्या आधी जमीन धुवावी लागते. थंडीत वाफे कालव्याच्या पाण्यानं तुडुंब भरायचे. पाणी जिरतं, खार खाली घेऊन जातं. माती जरा सुकली की चिमूटभर जिभेवर ठेवायची. खारट लागली तर पुन्हा पाणी, गोडी, म्हणजे बिनखारी, लागली तर पेरणी. पूर्वी तीन तीन पाण्यांशिवाय माती गोडी होत नसे. अलीकडे पलझादा एकाच पाण्यानंतर म्हणायची, "झाली बाई गोडी," आणि उरलेल्या दोन पाळ्या मला देऊन टाकायची. मीही देवाचं नाव घेऊन ज्वारीला सोडायची.

एप्रिलात आम्ही बाजारात गेलो. या खेपेला पलझादानं परसातली माती रुमालात बांधून घेतली होती. "यंदा बी मातीला दाखवून घेणार," म्हणाली. "तीन वर्षं या चोरांनी मला मेलेलं बी विकलंय."

कोपऱ्यात एक नवी बीवाली बसली होती, खिव्याकडची अनाजान. जिभेला हाड नाही, पण बी नंबरी. पलझादानं रुमाल तिच्यापुढं सोडला. "या मातीत येईल असं खरबूज दे. नाही आलं तर पुढल्या वर्षी तुझी पोती उलटी करीन."

अनाजाननं हसत चिमूट तोंडात टाकली आणि लगेच थूः करून बाजूला थुंकली. "आपा, माती आणलीत की मिठाची बरणी?"

"चेष्टा नको. गोडी आहे ती," म्हणत पलझादानं स्वतः चाखली. मग रुमाल माझ्याकडे केला. "सांग हिला."

मी चाखली. मातीसारखी माती. "गोडी आहे की," मी म्हणाले.

अनाजान आम्हा दोघींकडे बघत राहिली. चूळ भरायला तिला पाणी हवं होतं, म्हणून मी आमच्या थर्मासातला हिरवा चहा पुढं केला. एक घोट घेऊन तिनं पेला खाली ठेवला. "यात मीठ कुणी घातलं?"

"हिरव्या चहात कोण मीठ घालतं, बये?"

"मग पाणी कुठलं पिता तुम्ही?"

पलझादा हळूच म्हणाली, "हातपंपाचं. प्यायला कालव्याचं बारमाही मिळेना झालं, त्याला आता चार वर्षं होतील."

अनाजाननं आपल्या किटलीतला चहा दिला. आम्हाला तो फिका लागला, नुसतं ऊन पाणी. आणि मग पलझादा बियांच्या पोत्यावर बसली ती उठेचना.

"सूप," म्हणाली. "ताझागुल, अयसुलूचं सूप."

सून आल्यापासून घरात रोज तेच चाललं होतं. सूप अळणी. "तुझ्या माहेरी मीठ मोजून खातात का गं?" पलझादा टोचायची, मी दात काढायची, आणि पोर मान खाली घालून मिठाचं भांडं पुढं करायची. गेंजेबायही दर थंडीला आल्या आल्या दोन दिवस म्हणायचा, चहा खारट लागतो. आम्ही म्हणायचो, शहरी झाला.

"दोन पाळ्या मी तुला दिल्या," पलझादा म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. तीन वर्षं तिच्या वाट्याचं पाणी माझी ज्वारी प्यायली, जिला त्याची गरजही नव्हती.

"अजून भर वाफे," मी म्हणाले.

"आता? कालवा कापसाकडे वळवला. पाणी येईल ते पुढल्या थंडीत."

"मग मुलाला सांग. कारण सापडलंय म्हणावं, एक वर्ष थांब."

"काय सांगू? पहिल्या वर्षी मी म्हणाले, बी खोटं. मग म्हणाले, बीवाला चोर. मग म्हणाले, वारा मीठ घेऊन येतो. दर वर्षी एक वर्ष मागितलं त्याच्याकडे. आता सांगू, पंपाच्या पाण्यानं माझी जीभच मेली म्हणून? त्याला वाटेल म्हातारी काहीही शोधून काढते." तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. भर बाजारात मी तिची रिकामी पिशवी धरून मूर्खासारखी उभी होते.

मग ती उठली आणि बी निवडायला लागली. दाताखाली, पाण्यात, तळव्यावर. तासभर. एकेक दाणा.

"अगं, कुणासाठी निवडतेस?" मी चिडूनच विचारलं. ती पुढचा दाणा दाताखाली धरत होती.

घरी जाऊन तिनं सुनेचा कोट मागून घेतला, सरहद्दीवर बी काढून घेतात म्हणून अस्तर उसवलं आणि आत बियांच्या चार पुड्या शिवल्या. मग अयसुलूला जवळ बसवून म्हणाली, "तिथली माती तू चाख. खारट लागली तर पेरू नकोस. गेंजेबायला विचारू नकोस, त्याची जीभ माझ्या घरची आहे. आणि पोराला पंपाचं पाणी पाजू नकोस, कुठल्याच पंपाचं."

गेंजेबाय दारात थबकला. "म्हणजे, आई?"

"म्हणजे जा तुम्ही. यंदा इथं काही येणार नाही."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मलाही जेवायला बोलावलं. अयसुलूनं सूप वाढलं आणि सवयीनं मिठाचं भांडं सासूपुढं सरकवलं. पलझादानं ते उचलून मागं चुलीपाशी ठेवलं.

"नको, पोरी. बरोबर झालंय."

अयसुलू वर बघायला तयार नव्हती. मी एक घोट घेतला. सूप अळणी होतं, पाण्यासारखं. मी ते सगळं संपवलं आणि आणखी मागून घेतलं.