सर्वांत आधी बंद पडणारी गाडी

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. सात चहा, सात प्लेट तर्री-पोहे, दोनशे ऐंशी रुपये. हजर आम्ही सात जण, जागा कळमेश्वरच्या पुढे मोहप्याच्या रस्त्यावरची काकूंची टपरी, आणि पैसे दिले नामदेवभाऊंनी. त्यांच्यासोबतची ही शेवटची राइड, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मार्च संपता संपता ते गेले... वय एकोणऐंशी, धंतोलीच्या दवाखान्यात जेमतेम दोन दिवस, फारसा त्रास नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही याहून वेगळं काही मागितलं नसतं.

भाऊंचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. तरुणपणी त्यांनी भंगारात निघालेली एक साडेतीनशे सीसीची विलायती मोटरसायकल घेतली आणि पुढे दुसरी गाडी घेतलीच नाही. त्यांच्याच पोर्चमध्ये आमची जुन्या विलायती गाड्यांची मंडळी जमली. दुकानातला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा ते गाडीखाली अंथरत, कारण इंजिनातून तेलाचा थेंब पडतच असे. या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. हे पाठ असूनही माझ्या पहिल्याच राइडला मी वळणावर सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेकऐवजी गिअर पडला आणि मी कुंपण तोडून संत्र्याच्या बागेत शिरलो. सगळे धावत आले. भाऊंनी आधी मला कुठे लागलं का ते पाहिलं आणि मग म्हणाले, “संत्री पायजे होती त सांगाचं ना गा, गेटातून गेलो असतो.”

आमच्या मंडळींचा नियम एकच. रस्त्यात ज्याची गाडी सर्वांत आधी बंद पडेल, त्याने सगळ्यांना चहा-पोहे द्यायचे. बहुतेक वेळा भाऊंचीच बंद पडायची. आमच्यातला बंडू त्यांना छळायचा, “भाऊ, आता हे विका अन् बैलजोडी घ्या.” भाऊ शांतपणे म्हणत, “बैलजोडी घेतली त तुले फुकटचे पोहे कोन चारन?” माझी गाडी मात्र अकरा वर्षांत एकदाही पहिली बंद पडली नव्हती. ऑइल वेळेवर, प्लग वेळेवर, टायरची हवा दर शनिवारी. हा हिशेब मी ऑफिसात सांगितला आहे, लग्नाच्या पंगतीत सांगितला आहे, आणि बायकोने तो इतक्यांदा ऐकला आहे की आता ती मध्येच उठून जाते.

त्या शेवटच्या राइडला मी भाऊंच्या लगेच मागे होतो. मोहप्याच्या अलीकडच्या चढावर त्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात हळूच टाकीखाली गेला आणि त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. थोडं पुढे जाऊन गाडी ठसकली, थांबली. सगळे थांबले, बंडू हसला. मी त्यांना बाजूला घेतलं. “भाऊ, कॉक तुम्हीच बंद केला. मी पाहिलं.”

“चूप ना गा. तुह्या गाडीचा आवाज बदलला होता. गरम होऊन राहिली होती. अजून थोडी गेली असती त बसली असती.”

“मग बसली असती.”

“मंग पोह्याचे पैसे तुले द्या लागले असते. तुले झेपलं नसतं.” आणि ते असे हसले, की किती वर्षांपासून हे चाललंय ते विचारायचं राहूनच गेलं...

भाऊंनंतर गाडी पुठ्ठ्यावर तशीच उभी होती. पुण्याचा एक माणूस ती पाहून गेला, भावही चांगला सांगून गेला. भाऊंची मुलगी प्रज्ञा नर्स आहे. ती मला म्हणाली, “काका, मैदानावर शिकली मी चालवायला. एकदा तुमच्यासोबत येते. रस्त्यात सगळ्यांसमोर बंद पडली, तर समजीन की ती बाबांच्याच हातची होती. देऊन टाकीन.” एवढी वर्षं रस्त्यावर राहिलेली गाडी कोणाच्या तरी हॉलमध्ये पुसून ठेवली जाणार, हे मला पाहवलं नसतं.

गेल्या रविवारी निघालो. पुन्हा सात जण. प्रज्ञा पुढे, मी मागे. त्याच चढावर तिच्या गाडीचा आवाज बदलला. मी इतकी वर्षं स्वतःच्याच गाडीचा ऐकत आलो होतो, तरी तो आवाज ओळखता आला. माझी गाडी त्या दिवशी उत्तम चालत होती. मी डावा हात टाकीखाली नेला.

गाडी ठसकून थांबली, तसे सगळे वळून आले. “सुधाकरभाऊ,” बंडू ओरडला, “अकरा वर्षाचं गेलं ना गा!” मी प्लग काढला, पुसला, पुन्हा पुसला, सावकाश बसवला. तोवर सावलीत उभी केलेली प्रज्ञाची गाडी चांगली निवली होती. पुढे ती टपरीपर्यंत आणि तिथून घरापर्यंत एकदाही अडखळली नाही. पोर्चमध्ये प्रज्ञाने ती बरोबर त्या पुठ्ठ्यावर उभी केली आणि पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. वाळलेल्या डागाशेजारी तेलाचा ताजा थेंब पडला, तो आम्ही दोघं उभे राहून पाहत होतो.

टपरीवर काकूंनी विचारलं होतं, “आज तुमी काहून? तुमची त कधीच बंद नाई पडत.” मी म्हटलं, “आज पडली.” सात चहा, सात प्लेट पोहे. दोनशे ऐंशी रुपये काकूंच्या हातात मी दिले.