तळ्याच्या पोटातलं मैदान

सुमनबाई सोनकांबळे नांदेड सोडून शिरूर अनंतपाळला राहायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या सोयऱ्यांतल्या निम्म्या लोकांना शिरूर कुठं आहे हेच ठाऊक नव्हतं. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांना नोकरी लागली होती आणि नवरा, श्रीमंत, टपाल खात्यात असल्यामुळं त्याचीही बदली तिकडं होऊ शकली. नांदेडात दोघं एका खोलीत राहायची. चूल, अंथरूण, सायकल, सगळं त्या एकाच खोलीत. शिरूरला तेवढ्याच भाड्यात तीन खणांचं घर मिळालं, पुढं अंगण, मागं परसू आणि परसात शेवग्याचं झाड. पहिल्या दिवशी सुमनबाई नुसत्याच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. श्रीमंतनं विचारलं, काय शोधायलीस? त्या म्हणाल्या, काही नाही, चालून बघायले.

घर सिद्धम्माचं होतं. म्हातारी एकटी, बोलण्यात मधूनच कानडी शब्द, गावात सगळे तिला अव्वा म्हणायचे. भाड्याचं बोलणं व्हायच्या आधीच सुमनबाईंनी स्वतःहून सांगून टाकलं होतं की आम्ही बौद्ध आहोत, चालत असेल तर बघा. अव्वानं उठून किल्ली काढली.

"घर रिकामं ठिवलं तर वाळवी लागती," ती म्हणाली. "या राहायला."

गावाच्या दोन्ही अंगांना माळाच्या उतरत्या टेकड्या, खाली घरणी नदीचं खोरं आणि मधे बशीत ठेवल्यासारखं गाव. वीज मनाला येईल तेव्हा यायची, डॉक्टर एकच आणि लातूरची गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत अर्धा दिवस फाट्यावर. पण बाजारच्या दिवशी भाजी इतकी स्वस्त की सुमनबाईंना पिशवी जड झाल्याचं नवल वाटायचं. आठ दिवसांत भाजीवालीला त्यांचं माहेर कळलं, पंधरा दिवसांत त्यांना तिच्या सुनेचं बाळंतपण. संध्याकाळी अंगणात खाट टाकली की टेकडीवरून वारा यायचा. श्रीमंत म्हणायचा, हा वारा नांदेडात विकत घेतला असता तर पगार पुरला नसता.

पुढचं साल ब्याऐंशीचं. मिरगानं चार शिंतोडे टाकले आणि पावसानं तोंड फिरवलं. पेरलेलं तसंच जमिनीत राहिलं. घरणी कोरडी पडली, गावाखालचं तळं आटत आटत दिवाळीच्या आतच पार तळाला गेलं. तळ्याच्या काठाला एक विहीर होती, तेवढीच काय ती जिवंत. तिच्यात पाणी झिरपून एक घागर भरायला वेळ लागायचा, म्हणून पहाटेपासून घागरींची रांग आणि रांगेत घराघरातल्या मुली.

त्याच साली ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. त्या दिवशी शिरूरात हलगी वाजली, चौकात साखर वाटली. दुष्काळाच्या दिवसांत माणसं इतकी हसताना सुमनबाईंनी पहिल्यांदाच पाहिली. आतापर्यंत प्रत्येक कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं. जाऊन काम उरकून परत यायचं म्हणजे मुक्कामच. आता जिल्हा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याइतका जवळ आला होता.

नवा जिल्हा म्हणजे नव्या जिल्ह्याच्या शालेय स्पर्धाही. त्याचं पत्रक शाळेत आलं. आधी निलंग्याला तालुक्याचे सामने, जिंकणाऱ्यांना लातूर. मुख्याध्यापक व्यंकटराव माणूस भला, पण आधीच हात टेकणारा. मुलींचा खो-खोचा संघ काढू, असं सुमनबाई म्हणाल्या तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. शाळा उतारावर, अंगणात खडकाची टेंगळं. इथं पळालं की गुडघे फुटणार, आणि आईबाप काही मुली पाठवणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या स्वतःची घागर घेऊन विहिरीवर गेल्या. रांग लांबलचक. नंबर यायला दोन तास तरी लागणार होते. मुलींनी घागरी रांगेत ठेवल्या होत्या आणि त्या खाली, आटलेल्या तळ्याच्या तळात पकडापकडी खेळत होत्या. काळा मऊ गाळ, वरून वाळलेला, तळहातासारखा सपाट. गुरुपादप्पा पाटलांची महानंदा नावाची पोर सातवीत होती. ती अशी वळत होती की मागची पोर दरवेळी वाऱ्याला हात लावून परत यायची. एकदा ती सपशेल पडली, हसत उठली, गाळ झटकला आणि पुन्हा पळाली. सुमनबाई घागर तिथंच ठेवून तळ्यात उतरल्या.

अडचण एकच होती. शेतकरी तो गाळ गाड्यांनी भरून शेतात नेत होते, महिनाभरात तळ खड्डेच खड्डे झाला असता. सुमनबाई सरळ गुरुपादप्पांकडं गेल्या, कारण सगळ्यांत जास्त गाड्या त्यांच्याच. मधला एवढा तुकडा सोडा, बाकी सगळा गाळ तुमचा, असं त्यांनी सांगितलं. गुरुपादप्पांनी तळ्यात येऊन तुकडा पावलांनी मोजला. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी बैल घेऊन आला आणि वखर फिरवून सगळ्या भेगा बुजवून गेला. अव्वानं पडक्या गोठ्यातली दोन लाकडं दिली, ते दोन खांब झाले. धूळ बसवायला पाणी कुठलं असणार? मुली घरची भांडी घासलेलं पाणी बादलीतून आणायच्या आणि शिंपडायच्या. मुली खेळत असताना रांगेतल्या घागरी कुणी पुढं-मागं करू नये म्हणून अव्वा विहिरीच्या काठावर काठी घेऊन बसू लागली. पाण्याचा नंबर आला की ती एकेकीचं नाव घेऊन हाक मारायची. ती पोर खेळातून पळत यायची, घागर भरून घरी टाकायची आणि पळत परत. पायांना वेगळा व्यायाम लागलाच नाही.

सुमनबाई लुगड्याचा पदर खोचून मुलींबरोबर पळायच्या. खो कसा द्यायचा, खांबावरून कसं वळायचं, पळणारीला कोपऱ्यात कसं आणायचं. आणि सूर मारायचा. त्या मऊ गाळात सूर मारायला कुणालाच भीती नव्हती. दोन महिन्यांत बाराच्या बारा मुली मांजरासारख्या झेप घ्यायला लागल्या. गावातली माणसं तळ्याच्या काठावर येऊन बसू लागली. व्यंकटरावही यायचे, आणि घरी जाताना कुणाला तरी सांगायचे की ही कल्पना शाळेची.

निलंग्याला मुली दोन्ही सामने जिंकल्या. आता लातूर. इथं मात्र गुरुपादप्पा अडले. पोर परगावी पाठवायची नाही म्हणाले. सुमनबाईंनी त्यांना समजावलं की आता जिल्हा म्हणजे उस्मानाबाद नाही, लातूर आहे, सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. गुरुपादप्पांनी दोनदा विचारलं, संध्याकाळच्याच गाडीनं ना? सुमनबाईंनी शब्द दिला. मग ते म्हणाले, मीबी येतो.

लातूरच्या मैदानावर पाय ठेवला आणि मुलींचे चेहरे उतरले. खाली कडक मुरूम. समोरच्या संघांच्या मुलींच्या पायांत पांढरे बूट, अंगावर एकसारखे कपडे. या अनवाणी, दोन वेण्या वर बांधलेल्या. पहिल्या सामन्यात महानंदानं सवयीनं सूर मारला आणि कोपर सोलून निघालं. तिनं कोपराकडं पाहिलंही नाही. बाकीच्यांनी ते पाहिलं, आणि मग सगळ्याच झेपावू लागल्या. समोरच्या मुली मुरमाला भीत होत्या, या भीत नव्हत्या. एक सामना जिंकला, दुसरा जिंकला. गुरुपादप्पा पटक्याचं टोक तोंडात धरून कडेला उभे होते.

शेवटचा सामना लांबला. आधीच्या एका सामन्यावर वाद झाला, पंच बसले, उठले, पुन्हा बसले. पाच वाजता शिरूरची शेवटची गाडी होती आणि साडेचार झाले तरी मैदान रिकामं नव्हतं. सुमनबाईंनी शब्द दिला होता. संघ माघारी नेला तर मुलींना काय सांगायचं, आणि थांबलं तर उद्यापासून कुणाचा बाप पोर पाठवणार? त्या गुरुपादप्पांजवळ गेल्या आणि म्हणाल्या की आप्पा, निघावं लागंल, गाडीची वेळ झाली.

गुरुपादप्पांनी पटका तोंडातून काढला.

"गाडी जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "माझे साडू हितं गंजगोलाईच्या मागं राहतेत. बारा पोरी आन् तुमी, समद्या तिथंच ऱ्हावा. खेळून घ्या आता."

सुमनबाई धावतच मुलींकडं गेल्या.

समोर लातूर शहरातल्या एका शाळेचा संघ होता. शेवटच्या पाठलागात जिंकायला पाच गडी बाद करायचे होते. दोन लगेच मिळाले. तिसरीनं अर्धा वेळ खाल्ला. चौथी बाद झाली तेव्हा पंच घड्याळाकडं पाहत होता. पाचवी पळणारी उंच, हुशार. खांबाला वळसा घालून ती निसटणार एवढ्यात महानंदाला खो मिळाला. ती पुरती उठलीही नाही, उठतानाच झेपावली. आडवीच्या आडवी मुरमावर पडली आणि तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली. शिट्टी वाजली. खरं तर दोन शिट्ट्या जवळजवळ एकदमच वाजल्या, गडी बाद झाल्याची आणि वेळ संपल्याची.

पंचानं हात वर केला. बाद.

सुमनबाईंना पुढचं नीट आठवत नाही. आपण ओरडलो एवढं आठवतं, आणि गुरुपादप्पांनी पटका हवेत फेकला होता आणि तो बूटवाल्या संघातल्या एका मुलीच्या डोक्यावर पडला होता.

त्या संध्याकाळी साडूंच्या घरी बारा मुली एका पंगतीला बसल्या, लिंगायतांच्या, मराठ्यांच्या, बौद्धांच्या, एक तांबोळ्याची. घरच्या बाईंनी आडनावं विचारली नाहीत. भाकरी कुणाला कमी पडली एवढंच विचारत राहिल्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं सगळ्या शिरूरला उतरल्या, तेव्हा विहिरीवरच्या बायका घागरी सोडून फाट्यावर आल्या होत्या. अव्वा काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. तिनं महानंदाचं कोपर पाहिलं, हळद आणायला कुणाला तरी पिटाळलं आणि मग सुमनबाईंचा हात हातात घेऊन तशीच उभी राहिली.

पुढच्या वर्षी सुमनबाईंना लातूरच्या एका मोठ्या शाळेतून विचारणा झाली. चांगली शाळा, मैदान मोठं. श्रीमंतनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही विचारायच्या आधीच तो हसला. त्यांनी नाही म्हणून कळवलं. त्याच वर्षीच्या पावसात तळं भरलं, खेळायची जागा पाण्याखाली गेली, आणि सुमनबाई सुतळीचा गुंडा घेऊन टेकडीखालच्या पडीक रानात गेल्या. सोबत बारा जणी होत्या, शिवाय नव्या नऊ. सुतळीचं एक टोक महानंदानं धरलं आणि सुमनबाई नवं मैदान मोजत मोजत मागं सरकू लागल्या.