कमानीखालची बाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यासमोर इतकी वर्षं चहाचा कप धरून बसत आले — आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहिले.

तुम्हाला सांगते. थोडं मागेपुढे होईल. एरवी माझं तसं होत नाही. न्यूझीलंडमधल्या टौरंगा गावातल्या आमच्या मराठी मंडळींत गणपतीला कुणी काय आणायचं, हॉलची किल्ली कुणाकडे, उरलेला भात कुणी न्यायचा — सगळं मी ठरवते. माझी नोकरीही त्याच जातीची. किवी फळं निवडून खोक्यांत भरतात त्या पॅकहाउसमध्ये नियम पाळले जातात का, ते मी बघते. मी सांगतेय ती वर्षं किवीच्या वेलींवर रोग येऊन गेल्यानंतरची. बूट धुतले का, बाहेरची माती आत आली का, यावर नव्या लोकांना मी व्याख्यानं द्यायचे. ‘शंका आली की सांगून टाका. सांगितलं की काही होत नाही.’ हे माझं वाक्य. माझंच!

सेलिना वसईची, ख्रिस्ती. इथे वृद्धाश्रमात नर्स. ती मला पहिल्यांदा भेटली ती कोपऱ्यावरच्या डेअरीत — इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. एका हातात दुधाचा कॅन, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि फोनवर भावाला झापणं चाललेलं — “पीटरदादा, आईची गोळी परत विसरलास ना? नाही, तू विसरलासच!” त्या परमुलखात ती चिडलेली मराठी इतकी गोड वाटली की मला ब्रेड घ्यायचा नव्हता तरी मी ब्रेड घेतला.

तिच्या वसईच्या घरात भिंतीवर तीन फोटो होते. किल्ल्यातल्या पडक्या पोर्तुगीज चर्चचे. फार जुने — आपल्याकडे कॅमेरा नवानवा आला होता तेव्हाचे. छप्पर गेलेलं, भिंतींमधून पिंपळ फुटलेले, खाली गुडघाभर गवत. कमान किती उंच आहे ते कळावं, म्हणून त्या गोऱ्या फोटोग्राफरने जवळून चाललेल्या एका बाईला कमानीखाली उभं केलं होतं. ती सेलिनाची खापरपणजी. नंतर त्याने तिला प्रती आणून दिल्या, असं घरात सांगायचे. तेव्हा फोटोसाठी बराच वेळ निश्चल उभं राहावं लागे. बाईने मान हलवली. त्यामुळे टोपली स्पष्ट, लुगड्याच्या चौकटी स्पष्ट — आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

“आमच्या घराण्यात स्वस्थ उभं राहणं नाहीच,” सेलिना हसायची. पण त्या धुराकडे बघत ती लहानाची मोठी झाली होती. आई गेली तेव्हा आईची इच्छा होती की फोटो सेलिनाला मिळावेत. पीटरदादा मात्र ‘पाठवतो, पाठवतो’ म्हणून दिवस काढत होते. पोस्टाने पाठवायची त्यांना भीती वाटत होती, आणि सेलिनाला वाटत होतं, त्यांचं मन होत नाहीये.

२०१३ साली मी पुण्याला गेले. परतीचं विमान मुंबईहून. सेलिना म्हणाली, “वसईला जा आणि घेऊन ये. तुम्ही पुण्याच्या लोकांनी पेशवाईत ते चर्च एकदा फोडलंय. निदान फोटो तरी नीट आण!”

मी गेले. पीटरदादांनी जेवणाच्या टेबलावर तिन्ही फोटो मांडले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. एखादा ठेवून घ्यायचा ना? नाही ठेवला. मोबाइलने काहीतरी टिपलं. दुमडू नयेत म्हणून जुन्या चौकटींच्या पाठच्या लाकडी फळ्यांमध्ये घालून त्यांनी ते सुतळीने बांधले आणि पाकिटात सरकवले. मी घाईत होते, पाकीट बंद केलं आणि निघाले.

माझी चूक आता ऐका. हसू येईल अशी आहे. विमानात मी आगमनाचा फॉर्म भरला, तो सामान बघून नव्हे — माझी यादी बघून. पुण्यात बॅगा भरताना केलेली यादी. त्यात लाकूड नव्हतं. पाकीट शेवटच्या दिवशी आलं होतं, आणि जे यादीत नाही ते माझ्या डोक्यातही नसतं. सगळीकडे ‘नाही’ वर खूण केली. सही.

ऑकलंडच्या विमानतळावर रांगेत उभी असताना हातातल्या पिशवीच्या तळाशी पिवळसर भुकटी दिसली. बारीक, पिठासारखी. फळ्यांना कीड होती.

काय करायला हवं होतं, ते या देशात माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? फॉर्मवर दुरुस्ती करायची, अधिकाऱ्याला सांगायचं. फळ्या काढून घेतल्या असत्या, फोटो बहुतेक परत मिळाले असते. पण आमचा कायम राहण्याचा अर्ज लटकलेला होता. आणि — खरं सांगू? अर्जापेक्षाही मला माझा चेहरा दिसला. नियमांवर व्याख्यानं देणारी बाई, कीड घेऊन आलेली. रांगेच्या कडेला डबा होता. चुकून काही आणलं असेल तर तपासणीआधी टाका, कुणी विचारत नाही. मी पिशवी त्यात सोडली. सुतळी सोडवायलाही थांबले नाही. फळ्यांमधून तीन कागद ओढून काढायला कितीसा वेळ लागला असता?

घरी पोचले तर सेलिना दारातच उभी होती. मी म्हटलं, “पीटरदादांनी दिले नाहीत गं. नंतर बघू म्हणाले.”

जप्त झाले असं का नाही म्हटलं? कारण ती विमानतळावर फोन करत सुटली असती, पावती मागितली असती. हे मी गाडीतच ठरवून आले होते. बहीण-भाऊ आहेत, चार दिवस भांडतील — असा माझा व्यवहारी हिशोब.

चार दिवसांत ते मिटलं नाही. “आईच्या शब्दालासुद्धा किंमत नाही त्याला,” ती म्हणायची. “परक्याने फसवलं तर शिव्या देता येतात. आपल्या माणसाने फसवल्यावर काय करायचं, सांग ना?” मी तिचा हात धरून बसायचे. हो, मीच.

मग पीटरदादांचा फोन आला. मला. “मीनलताई, तिला एकदा सांगा ना. मी तुमच्या हातात दिलं होतं पाकीट.” आवाज अगदी मऊ. मी म्हटलं, “दादा, त्या दिवशी माझी इतकी गडबड होती... मला नाही आठवत.” मग ते म्हणाले, “असं का? बरं. माझंच काही चुकत असेल.”

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. इथपर्यंतचं सगळं भीतीवर ढकलता येतं.

२०१९ मध्ये त्यांचा मेसेज आला. जुना मोबाइल दुरुस्त झाला होता, त्यात त्या दिवसाचा फोटो सापडला. टेबलावर तीन चित्रं, फ्लॅशचा पांढरा डाग, कमानीखाली खापरपणजी. आणि कडेला चित्रांकडे येणारा एक हात. घाईत हललेला, पुसट. पण मनगटावरचं घड्याळ स्पष्ट. माझं. आजही तेच वापरते.

खाली लिहिलं होतं, ‘सेलिनाला पाठवू का? तुम्ही म्हणाल तसं.’

सहा वर्षांनी हातात पुरावा आला, आणि या माणसाने तो आधी मला दाखवला. का? मला संधी द्यायला, असं मी समजते. मी लिहिलं, ‘मीच दाखवते तिला.’

आणि दाखवला. हात कापून. दादांनी पाठवलाय एवढंच म्हटलं, कधीचा ते सांगितलं नाही. तेव्हा आमचं इथलं राहणं कायम झालेलं होतं. कसलीही भीती उरली नव्हती. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोटाने चौकट आत सरकवली, घड्याळ गेलं, मनगट गेलं. बघा, किती सोपं असतं.

सेलिनाने फोन डोळ्यांजवळ धरला. आधी खापरपणजीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “हा टेबलक्लॉथ आईचा आहे. म्हणजे घरातच आहेत. एकटाच मांडून बघत बसतो.” तिने फोन मला परत दिला. “बरं झालं दाखवलंस. उगाच मध्येमध्ये वाटायचं, मीच त्याच्यावर अन्याय करतेय की काय.” त्या संध्याकाळी तिने भावाचा नंबर ब्लॉक केला. माझ्यासमोर. कसा करायचा ते तिला नीट माहीत नव्हतं — मी दाखवलं.

आठवड्याने पीटरदादांनी विचारलं, ‘बघितला तिने?’

मी लिहिलं, ‘हो.’

‘काही म्हणाली?’

मी लिहिलं, ‘नाही.’

त्यांचं उत्तर आलं. ‘बरं.’ त्यानंतर त्यांनी काही विचारलेलं नाही. वसईत तो माणूस समजून आहे की बहिणीने सगळं पाहिलं, तरी तिला बोलावंसं वाटलं नाही.

न कापलेला फोटो माझ्या फोनमध्ये आहे. सेलिना उद्या जेवायला येणार आहे.