मावशींचा राउटर

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात जेवढी माणसं आज पुऱ्या दहा बोटांनी नमस्कार करतात, त्यातल्या निम्म्यांची बोटं माझ्या बायकोच्या मावशींमुळं शाबूत आहेत, असं माझं ठाम मत आहे. उरलेली निम्मी माणसं निव्वळ नशिबावर जगताहेत, असं मावशींचं मत. कुणीही भेटलं की मावशी तोंडाकडं बघत नाहीत, आधी हातांकडं बघतात. आमच्या लग्नात मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझे दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिले आणि मागं उभ्या असलेल्या सासूबाईंना निकाल सांगितला, "हात बरे हायत पोराचे. अजून मशीनला लागलेला न्हाय." माझं बेळगावच्या खडेबाजारात चष्म्याचं दुकान आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर त्या पुढच्या पाहुण्याच्या अंगठ्यापाशी पोचल्या होत्या.

याला कारण होतं. मावशींनी सारी नोकरी बेळगावजवळच्या मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत, लाकडी सामानाच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. चेंगरलेली, सोललेली, कापलेली बोटं फडक्यात गुंडाळून माणसं त्यांच्याकडं यायची. मावशी जखम धूत आणि धुता धुता चौकशी करत, "कसं झालं? खोटं बोलू नको, सुई माझ्या हातात हाय." त्या धाकानं माणसं खरं बोलायची. कुणी गप्पा मारत होता, कुणी बाहीचं बटण लावलं नव्हतं, कुणी घाईत होता कारण धाकट्याचं बारसं होतं. त्यामुळं मावशींना प्रत्येक यंत्र त्याच्या चाव्यावरून ठाऊक झालं. निवृत्तीच्या वेळी कामगारांनी विचारलं, काय देऊ? सगळ्यांच्या मनात साडी, फार तर मिक्सर. मावशी म्हणाल्या, "साडी नको. मला त्ये लाकडाचं राउटर द्या."

राउटर म्हणजे दोन मुठींनी धरायचं, नारळाएवढं यंत्र. त्याच्या पोटाखाली एक लहानसं पातं भन्नाट वेगानं फिरतं आणि लाकडाच्या कडेला गोलाई देतं, खाचा पाडतं, वेलबुट्टी काढतं. सुताराला तासभर लागतो तिथं हे चहा निवायच्या आत मोकळं होतं, आणि चुकलात तर बोटही तेवढ्याच चपळाईनं मोकळं करतं. असलं हत्यार साठीच्या बाईला कशाला, असं साहेबानं विचारलं म्हणे. मावशींनी सांगितलं, "ह्यानं काय मोडलं तेवढंच जलमभर बघिटलंय. घडतंय काय, त्ये बी बघायचं हाय एकदा."

मच्छ्याच्या घरामागं त्यांनी पत्र्याची शेड घातली. शेडमध्ये शिरण्यापूर्वीचा त्यांचा साज बघण्यासारखा असे. साडीवर कैलासवासी काकांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, खाकी हाफशर्ट, पदर चार पिनांनी जखडलेला, बांगड्या काढून खिडकीत, केसांवर दवाखान्यातली हिरवी टोपी, नाकावर मास्क. शेजारच्या नव्या सुनेला कितीतरी दिवस वाटत होतं की मागच्या शेडमध्ये ऑपरेशनं चालतात. आणि सर्वांत मोठा नियम प्लगचा. पातं बदलायचं तर आधी प्लग भिंतीतून उपसायचा आणि किल्ल्यांचा जुडगा खोचतात तसा कमरेला खोचायचा. "प्लग कमरेला, मगच हात पात्याला," हे त्या इतक्यांदा म्हणत की मला झोपेतही ऐकू येई. हा नियम राउटरपुरता राहिला असता तर ठीक होतं. एकदा आमच्या अनगोळच्या घरी त्या आल्या असताना बायकोनं चटणी काढायला मिक्सरच्या भांड्यात बोटं घातली. मावशींनी झडप घालून प्लग उपसला, कमरेला खोचला, आणि रागारागानं बाहेरच्या खोलीकडं निघाल्या. त्यांच्यामागोमाग कट्ट्यावरून मिक्सरही निघाला. शेंगदाण्याची चटणी आम्ही त्या दिवशी फरशीवरून गोळा केली.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो लेकीचं लग्न ठरल्यावर. लग्नात नवरा-नवरी ज्या पाटांवर उभी राहतात, ते दोन पाट आपल्या हातानं करावेत असं माझ्या मनानं घेतलं. आयुष्यभर मी लोकांच्या नाकावर दुसऱ्यांनी केलेल्या काचा बसवल्या. लेकीच्या पायाखाली तरी बापानं केलेलं काहीतरी असावं, एवढीच इच्छा. बायको म्हणाली, पाट बाजारात मिळतात, बोटं मिळत नाहीत. मग मावशींनीच तोडगा काढला. नवरीचा पाट मी करायचा, नवऱ्याचा मावशी करणार. आमची लेक लहानपणी दर सुट्टीत त्यांच्याकडंच असायची, त्यांच्याच अंगणात चालायला शिकली. "जावई आमचा बी हाय. त्येला माझ्या पाटावर उभा करणार," असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या बोटांची हमी त्यांनी बायकोला तिथल्या तिथं देऊन टाकली.

रविवारी दुकान बंद असतं. मी मच्छ्याला जाऊ लागलो. घरात मावशी मला "जावईबापू, घ्या की अजून एक चपाती," म्हणत. शेडचा उंबरा ओलांडला की, "ए, बाही दुमड रं." पहिले दोन रविवार मशीन मला नुसतं लांबून दाखवण्यात आलं. पहिल्या रविवारी अंगठी. लग्नातली अंगठी इतक्या वर्षांत बोटात रुतून बसलेली. मावशींनी बोटाला दोरा गुंडाळला, साबण लावला, दोऱ्याचं टोक ओढत ओढत अंगठी अशी सोडवली की ती कधी निघाली ते मला कळलं नाही. कळलं ते घरी गेल्यावर, बायकोनं बोटावरचा पांढरा पट्टा पाहून जेव्हा माझ्याशी बोलणं बंद केलं. दुसऱ्या रविवारी डोळे. इथं मात्र आपलंच राज्य, म्हणून मी दुकानातला सगळ्यात भारी, न फुटणाऱ्या काचांचा चष्मा ऐटीत घालून गेलो. मावशींनी माझ्या कानशिलाकडून एक बोट आत घालून भुवईला टोचलं. "हितनं माझं बोट गेलं. ढलपी जाणार न्हाय व्हय?" मग त्यांनी मला दोन्ही बाजूंनी बंद असलेला, पाणबुड्यासारखा गॉगल चढवला. आता माझ्या दुकानातही तसले गॉगल असतात आणि मच्छ्याची गिऱ्हाइकं ते मागायला येतात.

तिसऱ्या वेळी मशीन सुरू करून नुसतं बंद करायचं. बटण बंद केलं तरी पातं काही क्षण फिरत राहतं, आणि घात होतो तो त्याच वेळी. "बंद केलं म्हंजे थांबलं असं न्हाय," मावशी सांगत. "नजरेनं थांबलेलं बघायचं, मगच खाली ठेवायचं." मी नुसता मशीन धरून उभा, ते गुणगुणत थांबेपर्यंत. इतक्या शांतपणे उभं राहायला मला आयुष्यात दुसऱ्या कुणी लावलं नव्हतं.

मग तो दिवस आला. खोक्याची एक जुनी फळी टेबलाला आवळून बांधली, मी मशीन सुरू केलं आणि कडेला लावलं. लावलं मात्र, ते सुटलंच. मला फरफटत घेऊन फळीच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून त्यानं हवेत उडी मारली. मी दोन्ही मुठी सोडल्या नाहीत, एवढंच माझं कर्तृत्व. मावशींनी भिंतीवरचं बटण बंद केलं.  मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी आधी माझे हात बघून घेतले आणि मग कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "देवळात आलास व्हय रं?"

मला काही कळेना. त्यांनी बोटानं फळीभोवती माझी चाल काढून दाखवली. उजव्या हाताला देव ठेवून फिरतो तसा मी फळीभोवती निघालो होतो. जन्मभर गणपतीभोवती, पिंपळाभोवती, शनिवारी मारुतीभोवती तसंच फिरलेलो. हाताला दुसरी वाट ठाऊकच नव्हती. आणि पातंही नेमकं त्याच बाजूनं फिरतं. दोघं एकाच दिशेला निघाले की पात्याचं चाक होतं आणि ते माणसाला घेऊन पळतं. "आमच्याकडं आल्याल्यात निम्मे हीच प्रदक्षिणा घाल्ल्याले," मावशी म्हणाल्या. "बाहेरच्या कडंला देवाच्या उलटं फिरायचं. पातं तुला ढकलाय पायजे, वढाय नको." त्यानंतर मी उलटा फिरलो आणि मशीन गरीब गायीसारखं चालू लागलं. घरी हे सांगितल्यावर बायकोला नवीनच धास्ती पडली. लग्नाचा पाट, आणि त्याला उलट्या प्रदक्षिणा? तिनं मावशींना फोन लावला. मावशी म्हणाल्या, "देवाला मी समजावून सांगतो, तू च्या ठेव." आमच्या भागातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच 'सांगतो, करतो' बोलतात, आणि मावशींच्या तोंडी ते शोभतंही.

फणसाच्या फळीचा माझा पाट पुरा झाला. चारी कडा गोल, कुठं ढलपी नाही. मावशींनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि पाट भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे पास. पुढच्या रविवारी त्यांनी आपला पाट टेबलावर घेतला. तीन कडा काढल्या. त्यांच्या हातात मशीनचा आवाजसुद्धा वेगळा येई, दमलेल्या माणसाला न उठवता त्याच्याशेजारून जावं असा. चौथ्या कडेसाठी त्यांनी पाट फिरवून आवळला, मशीन उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. बटण दाबेनात. मला वाटलं, काही विसरल्या. मग माझं लक्ष वायरीकडं गेलं. वायर हलत होती, आणि शेडमध्ये वारा नव्हता.

त्यांनी मशीन खाली ठेवलं, प्लग उपसला, आणि आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. दवाखान्यात आलेल्या एखाद्या परक्या माणसाचा हात बघावा तसा.

"कधीपासनं, मावशी?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. सकाळचं नसतंय. आज सकाळीच आलंय."

"उद्या बघूया. नाहीतर परवा."

"थरथरत्या हाताला मशीन न्हाय," त्या म्हणाल्या. "कितीजणांना सांगून घरी लावून दिलोय मी. चार तोंडं खाणारी होती त्येंच्या घरात. त्येंनी ऐकलं की. आता मी काय येगळी हाय?"

 लग्न तोंडावर, पाट एका कडेवर अडलेला. मला एकदम सुचलं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही धरा, वरनं मी धरतो. दोघं मिळून काढूया. पाट तुमचाच राहील." मला ती कल्पना इतकी सुंदर वाटली की माझेच डोळे भरून आले. मावशी ताडकन वळल्या.

"दोघांनी धरल्यालं मशीन कुणाच्याच हातात नसतंय! असले दोघं-दोघं मिळून आल्यालेच लई बघिटलोय मी. एकाला म्हाईत नसतंय दुसरा कवा सोडतोय त्ये." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू काढ. मी हितं उभा ऱ्हातो."

मी कड काढली. त्या दाराशी उभ्या राहून आवाजावरूनच सांगत होत्या, "जा... जा... दाबू नको." शेवटच्या वितीवर मला राहवलं नाही, मी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. तेवढ्यात हात थबकला आणि लाकूड काळं पडलं. "चालू मशीनवर माझ्याकडं का बघिटलास?" म्हणून त्यांनी मला असं झापलं की सांगता सोय नाही. तो डाग त्यांनी आठवडाभर बसून पॉलिश पेपरनं घासून काढला. मी नको म्हणालो तर हसल्या. "पॉलिश पेपरला थरथर चालतीय. उलट बरंच पडतंय."

लग्न झालं. सगळे नवरा-नवरीकडं बघत होते, मी पाटांकडं. कुणाला काही ओळखू आलं नाही. जावई उंचापुरा, पाट हलला नाही. मावशी पुढच्याच रांगेत हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून बसल्या होत्या. अक्षता मात्र त्यांनी दोन्ही हातांनी, चांगल्या दूरवर टाकल्या.

चार-पाच दिवसांनी लाडू-चिवडा घेऊन मी मच्छ्याला गेलो. ओसरीवर एक पोतं बांधून ठेवलेलं. आत राउटर, पात्यांची डबी, पातं आवळायचे दोन पाने, वायर नीट गुंडाळलेली.

"घेऊन जा घरी," मावशी म्हणाल्या.

"असू दे की मावशी इथंच. मी येतोयच रविवारी."

त्यांनी पोत्याची गाठ पुन्हा एकदा ओढून आवळली. "नको," म्हणाल्या. "हितं असलं की हात जातोय."

ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांचे हात राखले, तिनं स्वतःचा हात राखायचं काम मला सांगितलं. मी त्यांच्याकडून मशीन शिकलो याचे उपकार आहेतच; पण असा भरवसा मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. मी पोतं उचललं.

आता राउटर अनगोळला आहे, मागच्या खोलीत. मावशी येतात, चहा घेतात, मी नवीन काही केलेलं असेल तर डोळे मिटून कडेवर अंगठा फिरवतात. अंगठा आता जास्तच हलतो. जायला निघाल्या की एकदा मागच्या खोलीच्या दाराकडं बघतात.

"कुलूप लावलायस न्हवं?"

"लावलंय, मावशी."

"बरं केलास," म्हणतात, आणि चपला शोधू लागतात.