घर बघायला आलेला माणूस

आमच्या दारावर बँकेची लिलावाची नोटीस चिकटली, त्या आठवड्यात मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. रागाने नाही. काय मागावं तेच मला कळेनासं झालं होतं. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा मी तिसरीत होते. आईने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात महादेवाची तसबीर लावली. तेव्हापासून तिचा एकही सोमवार चुकलेला नाही. इतकं करूनही दारावर तो कागद आलाच, तर मग सोमवार धरायचे कशासाठी, असा प्रश्न माझ्या मनात यायचा. आईला तो विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

बाबा जीन्सच्या धंद्यात कटिंग मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारखान्यांत कापड कापल्यावर त्यांनी एका जिवलग मित्राबरोबर उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्याची रीतसर कंपनी केली. कर्ज कंपनीने घेतलं, पण बाबा त्याला जामीन राहिले आणि आमचं घर तारण ठेवलं. पुढे त्यांचे मित्र आजारपणात गेले, कामं तुटली, मशिनं विकली गेली. कंपनी संपली. जामीनदार उरला आणि त्याचं घर उरलं.

लिलावाच्या आधी इच्छुकांना घर दाखवायचा एक दिवस असतो. तो सोमवारी आला. लोक आपलं घर विकत घ्यायला येणार, आपल्या खोल्या मोजणार, नळ सोडून बघणार, या विचाराने मला घरात बसवेना. आई मात्र सकाळी उठून नेहमीसारखा नैवेद्याचा शिरा करत होती. मला वाटलं, नेहमीपेक्षा जास्त करतेय.

"एवढा कुणाला?" मी विचारलं.

"माणसं येणारेत ना."

"आई, ती घर घ्यायला येणारेत. पाहुणे नाहीत ते."

"दारातून आत आलेला माणूस पाहुणाच असतो," ती म्हणाली आणि वेलची कुटायला लागली. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारपर्यंत तीन-चार जण येऊन गेले. आईने प्रत्येकाला पाणी आणि द्रोणात शिरा दिला. काहींनी नको म्हटलं, एकाने घाईघाईत उभ्यानेच खाल्ला. शेवटी बँकेच्या माणसाबरोबर एक वयस्कर सिंधी काका आले. कॅम्प तीनमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी भिंतीवर बोट वाजवून पाहिलं, बाल्कनीत जाऊन आले. मग देव्हाऱ्यासमोर चपला काढलेल्या पायांनी नीट उभे राहिले, हात जोडले आणि खुर्चीवर बसून सावकाश शिरा खाऊ लागले. बाबा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आलेच नाहीत.

खाता खाता काकांनी मला विचारलं, "बेटी, एक गोष्ट विचारू? तुझ्या पप्पांनी दिवाळ्याची अर्जी तर नाही ना टाकली?"

मला काहीच कळलं नाही.

"तसं नाही, मला आधी विचारायलाच पाहिजे. ते कंपनीचे गॅरंटर आहेत ना? अंबरनाथला मी असंच एक घर बघितलं, बँकेत पैसे भरून बसलो. नंतर समजलं, मालकानं नीलामीच्या आधीच अर्जी टाकलेली. सगळं जागच्या जागी थांबलं, माझा पैसा अडकला. तेव्हापासून मी पहिलं हेच विचारतो."

"काका, चला, अजून दोन घरं बघायचीत," बँकेचा माणूस जरा जोरातच म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "नाही. तसं काही केलेलं नाही."

काका उठले. दाराशी चपला घालताना त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "नीलामी होऊन गेली की मग टाकून काही फायदा नसतो. आपलं असंच सांगतो." आणि ते जिना उतरून गेले.

हे त्यांनी स्वतःसाठी विचारलं की माझ्यासाठी सांगितलं, मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दिवशी ते गेल्यावर मी कितीतरी वेळ त्यांच्या रिकाम्या द्रोणाकडे बघत बसले होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मी कधी हात वर करत नाही. आपला प्रश्न चुकीचा निघेल अशी भीती वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र आम्हाला कायदा शिकवणाऱ्या मॅडम वर्गाबाहेर पडताच मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या वकिलीही करतात. मी अडखळत सगळं सांगितलं. त्या तिथेच व्हरांड्यात थांबल्या.

"साधं गृहकर्ज असतं तर हा रस्ता तुमच्यासाठी नव्हताच," त्या म्हणाल्या. "पण वडील कंपनीच्या कर्जाला जामीन आहेत. ते स्वतः मुंबईच्या न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज करू शकतात. अर्ज दाखल झाला की त्या कर्जाच्या वसुलीला तूर्त स्थगिती मिळते. नोटीस आधीच निघालीय, त्यावरून बँक वाद घालेल. मी खात्री देत नाही. आणि एक लक्षात ठेव, स्थगिती म्हणजे माफी नव्हे. फक्त श्वास घ्यायला जागा मिळते."

जामिनाच्या ज्या सहीने आमचं घर जायला निघालं होतं, त्याच सहीने हे एक दार उघडं ठेवलं होतं. ते ऐकून मला तिथेच हात जोडावेसे वाटले.

घरी बाबांनी मात्र स्पष्ट नकार दिला. "मी कुणाचा पैसा खाल्लेला नाही. दिवाळं काढलं म्हणून सही करू? कॅम्पात लोक तोंडावर बोलतील." त्यांचा आवाज चढला, मग अचानक बसला. संध्याकाळी आई आम्हाला दोघांना अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेली.

त्या देवळाचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. देवाला भेटायचं तर पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर बघितलं की आभाळ दिसतं. बाबा अर्ध्या पायऱ्यांवर थांबले होते. आई खालून म्हणाली, "अहो, इतकी वर्षं येतोय आपण. इथे खाली उतरताना कधी लाज वाटली का तुम्हाला?"

बाबा उतरले आणि पिंडीवर डोकं टेकलं. परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "उद्या मॅडमकडे जाऊ."

मॅडमनी सगळ्यात आधी सांगितलं ते हे, की अर्जात सगळं लिहायचं. जे आहे ते सगळं. चामटोलीला आजोबांच्या जमिनीतला बाबांचा छोटा हिस्सा होता. माझ्या काकांचा फोन आला, "दादा, आधी ती जमीन माझ्या नावावर करून टाक. कोण बघायला येतंय?" त्यांनी ते आमच्या प्रेमापोटीच सांगितलं होतं. बाबांनी फोन खाली ठेवला आणि मला म्हणाले, "चामटोलीचं लिही. तुझ्या आईच्या बांगड्याही लिही. शरण जायचं तर मूठ झाकून जाता येत नाही."

त्या क्षणी मला माझ्या वडिलांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. त्यांनी दहावीही पूर्ण केलेली नाही. पण ते वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर खाली रेघ मारली असती.

अर्ज लिलावाच्या आदल्या दिवशी दाखल झाला. मॅडमनी त्याची प्रत लगेच बँकेला पाठवली. दुसऱ्या दिवशी लिलाव ऑनलाइन होणार होता. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो, समोरचा चहा गार होत होता. मॅडमचा फोन आला, "आजचा लिलाव थांबवलाय." आई उठली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. कित्येक दिवसांनी मी दिवा लावला. पहिल्या दोन काड्या वाया गेल्या.

पुढचा रस्ता सोपा नव्हता. बँकेच्या वकिलांनी वाद घातलाच. चौकशीला नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर बाबांना पुन्हा पुन्हा तीच उत्तरं द्यावी लागली. पण त्यांची उत्तरं कधी बदलली नाहीत, कारण झाकलेलं काही नव्हतंच. शेवटी फेडीचा आराखडा ठरला आणि बँकेने त्याला होकार दिला. चामटोलीची जमीन गेली, बांगड्या गेल्या, आणि राहिलेलं बाबा हप्त्यांनी फेडत आहेत. पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर झाले आहेत. घर अजून तारणातच आहे, पण आम्ही त्यात आहोत.

आराखडा मंजूर झाल्यावर मी शिऱ्याचा डबा घेऊन कॅम्प तीनमध्ये गेले. चार दुकानांत विचारल्यावर ते सिंधी काका सापडले. मी हेंद्रेपाड्याचं घर म्हटलं, तरी त्यांना आठवेना. "बेटी, मी तर महिन्याला किती घरं बघतो!" मी डबा उघडून पुढे केला. एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अरे, वेलचीवाला शिरा! देव्हाऱ्याजवळची खुर्ची!"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग गल्ल्यावर बसलेल्या सुनेकडे वळून मोठ्याने हसले, "बघ गं, मी माझंच घर घालवलं!"

"पप्पाजी, तुम्ही बोलायला लागलात की असंच होतं," सून म्हणाली.

मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी पाय मागे घेतले. "मी तर माझ्या पैशाच्या काळजीनं विचारलं होतं. मला कशाला? ज्यानं विचारायला लावलं, त्याला कर."

मी तसंच करते. आता मी देवाकडे घर मागत नाही. सोमवारी आईबरोबर शिरा ढवळते आणि दारात येईल त्याला देते. परवा कारखान्यात कुणीतरी बाबांना टोमणा मारला, "काय मास्तर, दिवाळं काढलं म्हणे?" बाबांनी कात्री खाली ठेवली नाही. म्हणाले, "हो, अर्ज केला होता. जे होतं ते सगळं लिहून दिलं." आणि पुढचं कापड सरळ करून घेतलं.