एकशे बाराव्या गीताचं कार्ड

आमचे हे घड्याळदुरुस्तीवाले. दुकान मुलीच्या स्वाधीन केलं आणि गीतांच्या मागे लागले. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत गीत म्हणण्याआधी ते कुणी, कधी, कशापायी लिहिलं ते कार्डावरून वाचून दाखवायचं काम पाळकांनी ह्यांच्यावर सोपवलं होतं. आठवडाभर वाचनालयात जुनी मासिकं चाळायची आणि शिंकत शिंकत घरी यायचं. कंटाळा आला की कार्डाच्या पाठीवर हायकू:

धुतले दोन,
वाळला एक मोजा.
दुसरा कुठे?

दुसरा शोधायला मी होतेच.

एकशे बाराव्या गीताने मात्र ह्यांना घाम फोडला. गीतपुस्तकात कवीचं नाव नाही, मासिकांत चकार शब्द नाही. शनिवारी संध्याकाळी ह्यांनी दिलं ठोकून: कवी अट्टल दारुडा, बायकोमुलांना देशोधडीला लावणारा, शेवटी पश्चात्तापाने हे गीत सुचलं. मला वाचून दाखवलं.

"छान आहे की! रडतील सगळे," मी म्हणाले. हो, मीच म्हणाले. अजून आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

सगळे रडलेही. उपासना संपल्यावर शिवणकाम करणाऱ्या आजी काठी टेकत आल्या.

"ते गीत माझ्या बाबांचं," त्या म्हणाल्या. "त्यांनी दारूला कधी हात लावला नाही हो."

ह्यांनी कार्ड खिशात कोंबलं. मी आपली चपला शोधायला लागले.

घरी ताट तसंच राहिलं.

"पुढच्या रविवारी सांगून टाका," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर? मग आधीची सगळी कार्डंसुद्धा थापाच वाटतील त्यांना."

"वाटू देत. आजींच्या वडिलांचं काय?"

त्या आठवड्यात एकही हायकू झाला नाही. रविवारी हे उभे राहिले. "मागच्या रविवारी वाचलं ते सगळं माझ्या मनचं होतं. ते गृहस्थ निर्व्यसनी होते. मी खोटं बोललो." एवढं बोलून खाली बसले. 'छान आहे' म्हणणारी मी शेजारीच बसून होते, गप्प.

बाहेर हे आजींसमोर हात जोडून उभे राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढी मासिकं चाळलीत. वीस वर्षं मी तुमच्या पुढच्याच बाकावर बसते. मला विचारायचं होतंत."