रत्नागिरी ते लडाख

परवा आंब्याची पेटी उघडली आणि पेंढ्याच्या वासासरशी रत्नागिरीची आमची पडवी आठवली. कॉलेज नुकतंच संपलं होतं. मी आणि माझ्या मैत्रिणी, सुलभा नि नसीम, भारताचा नकाशा पसरून बाबांच्या जीपने लडाखला जायचे बेत करत होतो. तिघी एकदमच बोलत होतो.

तेवढ्यात बाबा आले.

"गाडी कोण चालवणार?"

"मी," कसंबसं म्हटलं.

ते नकाशाकडे बघत राहिले. "मग आधी मला वेळणेश्वरला ने. बघू तरी, चढणीला काय करतेस ते."

आम्ही आनंदाने किंचाळलोच!

पुढे लडाखही झालं. पण स्टिअरिंगला कुणाला हात लावू न देणारे बाबा वेळणेश्वरला जाताना मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले. आज कळतं, आमच्याआधी त्यांनीच लांबचा पल्ला गाठला होता.